बेबी झाली म्हणजे काय झालं?

समारंभाचे अध्यक्ष डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरची सन्माननीय मंडळी, आज या प्रसूतिगृहातून निवृत्त होत असलेल्या आपल्या सुईण पार्वतम्मा, आणि लेकरं मांडीवर घेऊन मघापासून भाषणं सोसणाऱ्या माझ्या भगिनींनो,

मी गिरिजाबाई, होटगीची. शाळा थोडी, वाचन बरंच.

अध्यक्ष आत्ताच म्हणाले, पार्वतम्मांच्या हातून हजारो बेबी जन्मल्या. ते ऐकून पार्वतम्मा माझ्याकडे बघून हसल्या. का, ते सांगते.

मी जुन्या बाजारात घेतलेला शब्दकोश उघडून पाहिला. बेबी म्हणजे तान्हं मूल. मुलगा असो की मुलगी. साहेबांच्या देशात असेल तसं. आपल्या सोलापुरात मुलगा झाला की व्हरांडाभर "मुलगा!" आणि लगेच पेढे. मुलगी झाली की आधी घसा खाकरायचा, मग हळूच, "बेबी झाली." वाईट बातमी इंग्रजीत सांगितली की कमी लागते, असं वाटत असावं. पार्वतम्मा मात्र दारात उभ्या राहून खणखणीत सांगायच्या, "लेक झाली हो!" त्यापायी किती बोलणी खाल्ली, हे अध्यक्षांना ठाऊक आहे. निम्मी त्यांचीच होती.

मलाही बेबी झाली. दुसऱ्या दिवशी गेली. सासूबाई बाहेर म्हणाल्या, "बेबी गेली." त्यांना इंग्रजीतला तेवढा एकच शब्द येत होता.

न्यायच्या आधी पार्वतम्मांनी तिला माझ्या मांडीवर ठेवलं. धाकट्या बहिणीला कानडीत हाक मारावी तसं म्हणाल्या, "तंगी, बेबी तर समद्याच. हिला काय म्हनायचं?"

मी म्हटलं, बारसं कुठं झालंय.

"बारसं त्यांचं. नाव तू ठिव की."

मी कानात नाव सांगितलं. माझ्यामागून त्यांनीही सांगितलं, आणि मग उचललं. घरात ते नाव कुणी विचारलं नाही. मालकांनीही नाही. ते वारले, तोवर त्यांच्या लेखी ती बेबीच होती.

उद्या पार्वतम्मा मैंदर्गीला निघतील. मग ते नाव ठाऊक असलेलं माझ्याशिवाय इथं कुणी उरणार नाही. म्हणून भर सभेत सांगते. माझ्या लेकीचं नाव महानंदा.

संस्थेनं मला बोलू दिलं, आभारी आहे. शुभ प्रसंगी नको ते बोलले असेन, तर पोटात घाला. पार्वतम्मा, जाण्याआधी तिला एकदा हाक मारा. मग मी खाली बसते.