शिंकेवर भुंकणाऱ्या कुत्र्याच्या ओळखीबाबत

जबाब

मी, वय ४७, धंदा शाळेची व्हॅन चालवणे, राहणार बेकरीच्या मागची इमारत, पहिला मजला. नाव वरच्या रकान्यात लिहून दिले आहे, पण त्या नावाने कोणी विचारले तर सापडणार नाही, व्हॅनकाकू म्हणून विचारावे. समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे यजमान व धाकटे दीर असे एकत्र राहतो. यजमान कामानिमित्त बाहेरगावी असतात. दीर पंप विकणाऱ्या कंपनीत आहेत. आमच्याकडे पाच वर्षांपासून तोरा नावाचा कुत्रा आहे. रंग तांबूस, छाती पांढरी, जात कोणतीही नाही. हवालदारांनी किंमत विचारली. किंमत नाही. पिल्लू असताना तो माझ्या व्हॅनखाली झोपलेला सापडला, त्याची कोण किंमत लावणार?

सदर कुत्र्याच्या सवयी विचारल्या म्हणून सांगते. त्याला कोणी शिंकलेले खपत नाही. घरात कोणी शिंकले की तो त्या माणसापुढे उभा राहून भुंकतो. त्याच्याकडे बघून 'चुकलं' म्हणावे लागते, तोंडातल्या तोंडात पुटपुटलेले चालत नाही. मला सर्दी झाली की मी दिवसभर त्याची माफी मागत फिरते. पाहुणा फार वेळ बसला तर त्याची चप्पल आणून पुढ्यात टाकतो. एकच आणतो, दुसरी ज्याची त्याने शोधावी. उघड्या छत्रीचा त्याला राग आहे, भिजेल पण तिच्याखाली येणार नाही. चावला मात्र आजतागायत कोणाला नाही. हे हवालदारांनी दोनदा विचारले, मी दोनदा सांगितले.

सुमारे दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी दिरांचे मोठे साहेब आमच्याकडे चहाला आले होते. दिरांच्या बढतीचे चालले होते. साहेब शिंकले. तोरा त्यांच्यापुढे उभा राहिला. मी म्हणाले, "साहेब, तेवढं चुकलं म्हणून टाका, म्हणजे सुटाल." साहेबांचा चेहरा लाल झाला, पण म्हणाले. थोड्या वेळाने त्यांचा एक बूट त्यांच्या पायाशी आला. मला हसू आले ते मी दाबले नाही. साहेब गेल्यावर दीर म्हणाले, "वहिनी, या घरात एक तर ते कुत्रं राहील, नाहीतर मी." मी म्हणाले, "भाडं तोही देत नाही आणि तुम्हीही देत नाही. राहा की दोघं." दीर जेवले नाहीत.

त्याच आठवड्यात मी दुपारच्या फेरीवरून परत आले तर कुत्रा घरात नव्हता. दीर म्हणाले, दार उघडे राहिले, पळाला. मी घसा बसेपर्यंत गल्ल्या पालथ्या घातल्या. दीरही माझ्याबरोबर फिरले. लोकांच्या गाड्यांखाली वाकून, बॅटरी मारून, "तोऱ्या, ये रे" करत होते. हे सविस्तर लिहा. हवालदार म्हणाले, याची गरज नाही. गरज आहे.

आज सकाळी मुलांना शाळेत सोडून नव्या बंगल्यांच्या मागच्या मैदानावरून येत होते. तिथे एक इसम कुत्र्यांना वळण लावायचा धंदा करतो, त्याला सगळे मास्तर म्हणतात. त्याच्या खांबाला माझा तोरा बांधलेला दिसला. मी व्हॅन रस्त्यातच सोडून धावले आणि हाक मारली. कुत्र्याने आधी मास्तरकडे पाहिले, मग खाली. मास्तर म्हणाला, हा टायगर, माझ्याकडचाच आहे, उद्या एका बंगल्यावर राखणीला जायचाय. मी गळपट्टा धरला, त्याने दोरी धरली, आणि तशीच आमची वरात इथवर आली. वाटेत मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखे नाही, पण त्यातला एकही शब्द मी परत घेत नाही.

ठाण्यात फौजदार साहेबांनी ओळखीची खूण मागितली. मास्तर म्हणाला, असली तांबडी कुत्री गल्लीत चार मिळतात. मी म्हणाले, कोणीतरी शिंकून बघा. सगळे हसले. हवालदारांनी तपकीर ओढून दणदणीत शिंका दिल्या. कुत्रा भुंकला नाही. साहेब म्हणाले, "बाई, हा तुमचा नव्हे. किती शहाणा आहे बघा."

मी म्हणाले, साहेब, जरा खाली बघा. पहिल्या शिंकेलाच त्याने पोट जमिनीला लावले होते, डोळे मिटून घेतले होते आणि खालची फरशी ओली झाली होती. ज्या कुत्र्याला शिंकेचे देणेघेणे नाही ते शिंकेला मुतते का? मी ओरडले हे खरे आहे. टेबलावरचा पेला माझाच हात लागून पडला. मास्तरला माझ्या ओरडण्याचे काही वाटले नाही, त्याला फरशीची लाज वाटली. तो म्हणाला, "एवढं मुतणं राहिलंय साहेब, तेही जाईल. आणला तेव्हा कोणी शिंकलं की भुंकून मैदान डोक्यावर घ्यायचा. चपला उचलायचा. पट्ट्याने महिन्याभरात सगळ्या खोडी मोडल्या." छाती फुगवून म्हणाला. साहेबांनी विचारले, "आणला म्हणजे कोणी?" तेव्हा त्याच्या लक्षात आले आणि तो दोरीची गाठ चाचपू लागला. साहेबांनी पुन्हा विचारल्यावर त्याने माझ्या दिराचे नाव सांगितले.

दिराला बोलावून घेतले. तो म्हणाला, "वहिनी, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला? कुत्रंच आहे ते." यजमानांचा फोन आला, त्यांचेही तेच, मिटवून टाक. साहेबांनी विचारले, घरचाच माणूस आहे, नाव घालायचे का? घाला. मास्तरचे आणि दिराचे, दोघांचीही घाला.

त्यानंतर साहेबांनी कुत्रा माझ्या ताब्यात दिला. मी दोरी सोडून म्हणाले, "चल रे, घरी." तो उठला नाही. त्याने मास्तरकडे पाहिले. मी त्याच्यासमोर खाली बसून पुन्हा म्हणाले. तो माझ्या खांद्यावरून मास्तरकडेच पाहत राहिला. शेवटी मला त्या माणसाला सांगावे लागले की, तुम्ही त्याला ऊठ म्हणा. तो म्हणाला. कुत्रा उठला.

हवालदारांनी याखाली 'चोरीस गेलेला कुत्रा फिर्यादीस परत मिळाला' असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले आहे. ताब्यात मिळाला, एवढेच लिहावे.

वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी बोलले तसाच आहे. एक ओळ खोडली आहे ती माझ्या सांगण्यावरून, आणि तिच्याशेजारी माझी वेगळी सही आहे.