आत्मारामकाकांनी तो तुकडा केला नव्हता

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष श्यामकांतराव, व्यासपीठावरील मान्यवर, लांबलांबून आलेल्या भगिनींनो आणि बंधूंनो, तसंच मागे टेबलाखाली खेळणाऱ्या, मराठी समजूनही जर्मनमध्ये उत्तर देणाऱ्या बालमित्रांनो,

हे निरोपाचं भाषण लिहून आण, असं अध्यक्षांनी मला केव्हाच सांगितलं होतं. मी रोज उद्यावर ढकललं. मधेच बॉनला मित्राकडे गेलो, तिथे ऱ्हाइनकाठी वडापावची गाडी टाकायचा बेत केला, तो बेत पुढे... असो, ते नंतर. शेवटी आज येताना एस-बानच्या लोकलमध्ये लिहायला बसलो. त्सुफेनहाउझेन स्टेशन आलं तेव्हा कागदावर नुसतं ‘आत्मारामकाका’ एवढंच होतं.

शाल आहे, श्रीफळ आहे, जेवण गरम होतंय, सत्कारमूर्तीच नाहीत. ‘सामान बांधतोय, जमणार नाही,’ असा काकांचा निरोप आला. हॉल घेतलेला आहे म्हणून आपण कार्यक्रम उरकतोय. आल्झो, म्हणजे तर मग, ते का आले नाहीत, हे इथे कुणाला खरंच माहीत नाही?

आधीचे वक्ते काकांबद्दल फार सुंदर बोलले. मी कोलोनचं शिक्षण अर्ध्यात सोडलं, त्याचाही एक किस्सा आहे, तेव्हा काका आणि सुनेत्राकाकूंनी मला त्यांच्या सोफ्यावर जागा दिली. तळघरातल्या लेथवर काकांनी ज्यांची कुठलीही मोडकी वस्तू नीट करून दिली असेल, त्यांनी हात वर करा. बघा, केवढे हात!

म्हणूनच गणपतीतल्या नाटकासाठी आपण त्यांच्याकडे गेलो. मी गुंड होतो. हातात नुसत्या आवाजाचं पिस्तूल. आमचे दिग्दर्शक मयुरेशदादा, त्यांना एकेक ‘ठो’ पसंत पडेना.

“काका, एक छोटा तुकडा बसवून द्या. चाप दाबून धरला की तडतडत सुटलं पाहिजे.”

काका म्हणाले, “नाही.”

“अहो, खोटं पिस्तूल आहे!”

“असू दे. लागोपाठ सुटणारं पिस्तूल इथे कायद्याने बंद आहे. करायचं नाही, बाळगायचं नाही. आणि उद्या तोच तुकडा कुणी खऱ्याला बसवायला गेला, तर? चहा घ्या आणि दुसरं नाटक बघा.”

“काका पक्के जर्मन झाले,” म्हणत आम्ही जिन्यात हसलो. सगळ्यात मोठ्याने मी.

तुकडा मी आणला. कोलोनला फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे आपल्या जुन्या बाजारातच, एका माणसाकडून. तालमीत तो असा तडतडला की शेजारच्या आजींनी पोलीस बोलावले.

हे कुणी केलं, असं पोलिसांनी विचारलं. मयुरेशदादा म्हणाला, “आमचे एक इंजिनिअर आहेत, त्यांच्याकडे लेथ आहे.” मग बाहेर येऊन मला म्हणतो, “अरे वेड्या, तुझा व्हिसा गेला असता. काकांकडे इथे राहायचा कायमचा परवाना आहे. त्यांना काय होतंय?”

मंडळी, हा हिशोब आपणच करू शकतो. कुणाचा परवाना कायमचा, कुणाचा व्हिसा कधी संपतो, आपल्याला तोंडपाठ. इथल्या बऱ्याच जणांना हे तेव्हाच कळलं होतं, आणि शहाणपणाचंही वाटलं होतं. मलाही वाटलं.

पोलिसांनी काकांचा लेथ नेला. कंपनीने त्यांना घरी बसवलं. आपण त्यांच्याकडे जायचं टाळलं. मी तर त्यांच्या घरातून बॅग उचलून निघालोच. दारात काकूंनी विचारलं, “कपिल, तुला काही माहीत आहे का रे?” मी म्हणालो, “नाही काकू.” त्यांनी मला वाटेसाठी डबा दिला. तो मी गाडीत खाल्लासुद्धा.

काका परवा पुण्याला निघतायत, आणि पोलिसांकडे अजून त्यांचंच नाव आहे. उद्या सकाळी जाऊन मी माझं सांगणार आहे. व्हिसा जाईल. जाऊ दे. मयुरेशदादा, तू चल असं म्हणत नाही. पण असा खाली बघू नकोस.

अध्यक्षमहाराज, तुमची खूण दिसली. गेनाऊ, अगदी बरोबर, आवरतो. मला बोलू दिलंत, आपला सगळ्यांचा आभारी आहे. शेवटी काही चुकलं असल्यास क्षमा मागायची रीत आहे. ती तुमच्याकडे मागून काय उपयोग? ज्यांनी करायची, ते घरी खोकी बांधतायत.

एक मिनिट. काय? कोण आलंय?

सुनेत्राकाकू? एकट्या? केव्हापासून उभ्या आहेत त्या दाराशी?

काकू, नका, तुम्ही पुढे येऊ नका. मी खाली येतो. अहो, हा माईक धरा कुणीतरी.