जुन्या लिव्हरची विचारपूस

लिव्हरच्या ओपीडीत एक पेंटर आपल्या नंबराची वाट बघत बसला होता. त्याचं लिव्हर बदलायचं ठरलं होतं. मागच्या बाकावर दोघी जावा बोलत होत्या, तिकडे त्याचे कान आपसूक लागले.

“ताई, तुमचं जुनं लिव्हर टाकून दिलं असेल ना?”

“टाकतील कशाला? वरच्या प्रयोगशाळेतल्या पोरीनं मला विचारून मागून घेतलं.”

“दगड झालेलं ते तिला कशाला हवं होतं?”

“दगड झालेलं म्हणूनच. त्याच्या पातळ चकत्या करून तिनं जिवंत ठेवल्या. नवं औषध माणसाला द्यायच्या आधी त्यांच्यावर घालून बघतात.”

“जगल्या?”

“पाच दिवस. त्यांचं पाणी बदलायला रविवारीसुद्धा यायची बिचारी. मी वॉर्डातून विचारायची, काय म्हणतंय गं आमचं?”

“पोटात होतं तेव्हा कधी एवढी विचारपूस केली नाहीत त्याची.”

“तेव्हा कुठे माहीत होतं ते इतकं कामाचं आहे.”

“मग, आला का औषधाला गुण?”

“थोडासा. चकत्यांनी मान टाकली त्या दिवशी ती खाली येऊन माझ्यापाशी बसली. म्हणाली, मावशी, शेवटपर्यंत काम केलं हो त्यांनी.”

“रडलात की काय?”

“मी कशाला रडू? तिचाच चेहरा उतरला होता. सकाळपासून जेवली नव्हती. माझ्या ताटातलं अर्धं तिला दिलं.”

पेंटरचा पुकारा झाला. तो दारापर्यंत गेला आणि परत बाकापाशी आला.

“मावशी, त्या पोरीची खोली कितव्या मजल्यावर?”

“तिसऱ्या. पण आधी तिला ‘जेवलीस का’ ते विचारा.”