पांथरीवरचा हात

“रोज सकाळी बाळाच्या डाव्या बरगडीखाली असा हात ठेव. पांथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली लागली, तर तडक मोठ्या हॉस्पिटलात ने.”

“कोण म्हणालं असं, शांता?”

“माझा दादा, काकू. जमैकात डॉक्टर आहे ना.”

घाटकोपरच्या दवाखान्यात मी नामस्मरण करत बसले होते. शेजारी या दोघी.

“ते फास्ट बॉलरवालं जमैका? आमचे हे म्हणतात, तिथे पाळण्यातली पोरंही बाउन्सर टाकतात!”

“तिथेही सिकलसेलची लेकरं आहेत, काकू, माझ्या बाळासारखी. दादा त्यांच्यावरच संशोधन करतो. या आजारात पांथरीत एकाएकी रक्त साठून लेकरू दगावू शकतं, म्हणून ती बघायला तिथे आयांनाच शिकवतात.”

“तुला बरं जमलं गं!”

“सुट्टीवर आला तेव्हा त्यानं हात धरून शिकवलं. लहानपणी पाटीवर गिरवायला धरायचा, तस्साच. आमची धाकटी बहीण याच दुखण्यानं गेली. तिला खांद्यावर घेऊन अंगणभर नाचायचा तो. तेव्हा कुणाला काही कळलंच नाही.”

“आज कशी आहे बाळाची पांथरी?”

“काल जेमतेम बोटाला लागत होती. आज तापाच्या घाईत सकाळी बघायची राहिली... अगंबाई, तळहातभर लागतेय!”

“अगं, डॉक्टर येतीलच. दुसरा नंबर तुझा.”

“तो तुम्ही घ्या, काकू. तडक मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं, असा दादाला शब्द दिलाय मी.”

तिनं बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि रिक्षा बघायला बाहेर पडली.