मनाप्रमाणे वागू द्या

लेक: ह्या लॅपटॉपवरच्या चित्रातले हे बाबा आहेत?

आई: दुसरं कोण असणार? टक्कल बघ, पोट बघ. नाक जरा बरं झालंय, तेवढं एक मला जमलं नाही.

लेक: आई, मी अर्धी रजा टाकून आलेय. सकाळी बाबांचा ऑफिसात फोन. म्हणे, तुझ्या आईला त्या कॉम्प्युटरवरच्या खेळाचं वेड लागलंय आणि ती घर सोडून निघालीय. मला आधी कळेचना, खेळातलं घर सोडतेयस की हे.

आई: हेच. आमच्या हॉस्पिटलच्या मागे नर्सेसच्या जुन्या क्वार्टर्स आहेत ना, त्यात मेट्रनबाईंच्या शेजारची खोली रिकामी झालीय. संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय, नाहीतर दुसरीला देतील. बस ना. उभी काय राहिलीस परक्यासारखी.

लेक: सदुसष्टाव्या वर्षी वेगळं राहायचं.

आई: अडुसष्ट.

लेक: आणि ते एका खेळामुळे. तुझ्या जावयानं तो घालून दिला तो गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पडल्यापडल्या तुझा वेळ जावा म्हणून. आता त्यालाही टोचणी लागलीय.

आई: त्याला म्हणावं, उपकारच झाले. ती उशाखालची वही दे बघू. आणि चष्मा. हे बघ, प्रत्येकाच्या नावापुढे अशा पट्ट्या असतात. भूक, झोप, लघवी, अंघोळ, करमणूक. हिरवी म्हणजे ठीक, लाल झाली की बघायचं. पहिल्या दिवशी बघितलं आणि म्हटलं, हा तर आपला वॉर्डातला तक्ता. मग काय, घेतली वही. दर चार तासांनी नोंद.

लेक: तू खेळाचा तक्ता ठेवलायस?

आई: छत्तीस वर्षं दुसरं काय केलं? माणूस बनवताना पाच स्वभाव निवडून द्यायचे असतात. चिडका, आळशी, नीटनेटका, असे. तुझ्या बाबांना तीनच लागले. उरलेल्या दोन जागा कोऱ्या सोडता येत नाहीत, म्हणून 'संगीतप्रेमी' आणि 'निसर्गप्रेमी' ठोकून दिलं.

लेक: बाबा आणि निसर्ग. आणि स्वतःला काय दिलंस?

आई: 'कष्टाळू.' पुढचे चार सुचेनात. अर्धा तास बसले होते त्या पानासमोर.

लेक: चारही सुचले नाहीत?

आई: असो. ऐक. सोमवार, सकाळी आठ. भूक लाल. फ्रीज भरलेला. रुग्ण टेबलाशी बसून रिकाम्या ताटलीकडे बघतोय.

लेक: रुग्ण?

आई: सवय गं. दुपारी बारा. तीच ताटली जमिनीवर ठेवली. शेजारी आधीच्या चार. दुपारी चार. लघवी कपड्यात झाली. त्यातच उभं राहून टीव्ही बघतोय. रात्री आठ. भुकेनं कासावीस होऊन एकदाचा स्वयंपाक करायला गेला. शेगडीला आग. ह्या खेळातली माणसं आग लागली की पळत नाहीत, बरं का. आगीसमोर उभी राहतात, दोन्ही हात वर करतात आणि ओरडतात. तुझे बाबा ओरडले, ओरडले, दमले आणि शेजारच्या खोलीत जाऊन झोपले. पलंगाचा पाय पेटला होता तोवर.

लेक: थांब, थांब. पोट दुखायला लागलं माझं. आणि तू कुठे होतीस?

आई: मी बागेला पाणी घालत होते. मला तसं सांगून ठेवलं होतं ना. सांगितलं तर ऐकते ती.

लेक: आणि ह्या दुसऱ्या चित्रात ही दारात आडवी पडलीय ती?

आई: तीही मीच. दुसऱ्या दिवशीची. माणूस फारच दमला की जिथे असेल तिथेच जमिनीवर आडवा होतो. मी स्वयंपाकघराच्या दारात झाले. मग हे आले. ह्यांना फ्रीजकडे जायचंय. मला उठवत नाहीत, ओलांडत नाहीत, बाजूलाही होत नाहीत. वर बघून हातवारे करतात. म्हणजे माझ्याकडेच, वरून खेळणाऱ्या बाईकडे. डोक्यावर एक चित्र उमटतं, वाट अडलीय म्हणून. सव्वा तास चाललं होतं. लिहिलंय बघ.

लेक: अरे देवा. बिचारे. किती मठ्ठ बनवलीयत ही माणसं.

आई: मीही हसले. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मग वेळ लिहायला पेन उचललं आणि हात तसाच राहिला.

लेक: का?

आई: माझ्या गुडघ्याची वाटी कुठे फुटली?

लेक: स्वयंपाकघरात. पाय घसरून.

आई: दारात. स्वयंपाकघराच्या दारात.

लेक: बरं, दारात. बाबांनी लगेच अँब्युलन्स बोलावली म्हणून निभावलं.

आई: लगेच कोण म्हणालं?

लेक: तूच म्हणालीस.

आई: म्हणाले होते खरं. तू फोनवर रडत होतीस, त्यात आणखी बापाबद्दल कशाला सांगायचं. साडेसातला पडले मी. समोरच्या भिंतीवर घड्याळ आहे, ते मला आडवं दिसत होतं. अँब्युलन्सला फोन गेला सव्वाआठला. तोही मीच केला. सरकत सरकत टेबलापाशी गेले आणि फोनची वायर ओढून तो खाली पाडला.

लेक: बाबा बाहेर गेले होते का?

आई: घरातच होते. आवाज ऐकून आले. मला बघितलं. म्हणाले, चहा व्हायचाय अजून? मी म्हटलं, पाय मोडलाय बहुतेक. मग उभे राहिले. पुष्कळ वेळ उभे होते. मग जाऊन पेपर वाचायला बसले. पुन्हा आले आणि म्हणाले, मला आत जायचंय.

लेक: घाबरले असतील गं. पुरुष घाबरले की असंच करतात.

आई: घाबरलेले नातेवाईक मी आयुष्यभर बघितलेत. भेलकांडतात, रडतात, डॉक्टरच्या अंगावर धावून जातात. पेपर वाचायला कुणी बसत नाही.

लेक: आठ महिने झाले, आई. आठ महिने तू हे पोटात ठेवलंस. मी दर रविवारी येतेय, त्यांच्याशी हसून बोलतेय.

आई: पोटात ठेवलं असंही नाही. मला ते काही वेगळं वाटलंच नव्हतं. त्या चित्रातल्या माणसाचा राग आला तेव्हा समजलं. चित्राचा इतका राग आला की लॅपटॉप बंद करून ठेवला आणि तुझ्या बाबांना जेवायला वाढलं.

लेक: ठीक आहे. मग असं करू. त्या क्वार्टर्समध्ये कशाला, तू आमच्याकडे चल. आजच चल. मधली खोली तुला देते. पिल्लूला तुझी सवय आहे. पाळणाघर सहाला बंद होतं, आम्हा दोघांनाही घरी यायला सात होतात. रोज कुणाच्या तरी विनवण्या. तू असलीस तर तुझाही वेळ जाईल.

आई: पुढचं पान वाचू?

लेक: आत्ता?

आई: शनिवार. नवीन घर मांडलं, त्यात मला एकटीलाच ठेवलं. पुस्तकं ठेवली, पियानो ठेवला, मागे झोपाळा. एक बटण असतं, 'मनाप्रमाणे वागू द्या' असं. ते लावलं की तुम्ही काही सांगायचं नाही, माणूस आपल्या बुद्धीनं चालतो. म्हटलं बघू तरी, ही बाई मोकळी सोडली तर करते काय. दोन दिवस माउसला हात लावला नाही.

लेक: मग? पियानो शिकलीस?

आई: सकाळी उठली, रस्ता ओलांडला आणि शेजाऱ्यांच्या घरात शिरली. ओळख ना पाळख. त्यांची खरकटी भांडी गोळा केली आणि घासायला लागली. त्यांचं पोर रडत होतं, त्याला कडेवर घेतलं. फरशी पुसली. रात्री त्यांच्याच सोफ्याशेजारी जमिनीवर आडवी झाली. भूक लाल, झोप लाल, करमणूक शून्य. ते लोक तिच्या बाजूनं ये-जा करत होते.

लेक: म्हणजे मी ते शेजारी.

आई: तसं म्हणाले नाही मी.

लेक: तसंच म्हणालीस. मी तुला माझ्या घरी बोलावतेय, आई. आपल्या माणसांत. त्यात पोराला दोन तास सांभाळायचं म्हटलं तर मी तुला राबवून घेणारी झाले?

आई: रागावू नको. तू खरं तेच बोललीस. तुम्हाला सात होतात. आणि मी आले तर सातला पोर झोपलेलं असेल, जेवण झाकून ठेवलेलं असेल, कपडे घड्या करून. तू मला एकदाही सांगणार नाहीस. सांगायची गरजच पडणार नाही. दोष तुझा नाही, पण नको म्हणायला मला येत नाही, आणि आता तर लेखी पुरावाच आहे.

लेक: आणि त्या खोलीत काय करणार आहेस?

आई: ठाऊक नाही.

लेक: हे काय उत्तर झालं?

आई: खरं उत्तर आहे. 'कष्टाळू'च्या पुढे काय निवडायचं ते बघायचंय. कदाचित मेट्रनबाईंची भांडी घासत बसेन. पण त्या हाकलून देतील मला, त्यांचा तो स्वभाव आहे. म्हणून तर त्यांच्या शेजारी जायचं.

लेक: आणि बाबा? ते उपाशी राहतील, आई. तूच वाचलंस आत्ता. पाच ताटल्या जमिनीवर.

आई: तेही करून बघितलं. मी ह्यांच्याबरोबर होते ती तिन्ही घरं जळाली. मग वेगळ्या घरात ह्यांना एकटं ठेवलं. सहाव्या दिवशी अंडं उकडलं.

लेक: तो खेळ आहे.

आई: हो ना. पण मला आजवर कुणी एवढंही करून दाखवलं नव्हतं.

(बाबा दाराशी येऊन उभे राहतात.)

बाबा: चार वाजून गेले.

लेक: या बाबा. बसा.

बाबा: बसायला नाही आलो. चहाचं कुणी बघतंय का, ते विचारायला आलो. ही अजून त्या यंत्रासमोरच का? समजावलंस तिला?

लेक: बाबा, आई पडली त्या दिवशी तुम्ही काय करत होतात?

बाबा: झालं. जुनं उकरून काय मिळतं तुम्हाला?

लेक: पाऊण तास.

बाबा: इतका नसेल.

आई: घड्याळ समोर होतं.

बाबा: हे बघ बेटा, मी तीस वर्षं शाळा चालवलीय. आठशे विद्यार्थी. एकदा प्रयोगशाळेत स्फोट झाला, तेव्हा चार मिनिटांत सगळी शाळा मैदानावर आणली होती मी. मला काही सुचत नाही, असा प्रश्नच येत नाही.

लेक: मग का नाही सुचलं? उत्तर द्या ना. मला खरंच हवंय उत्तर.

बाबा: मला वाटलं, ती उठेल.

लेक: पाय मोडलाय म्हणून सांगितलं होतं तिनं.

बाबा: सांगितलं होतं. पण ती उठते. ताप असला तरी उठते. तिची आई गेली तेव्हा स्मशानातून आल्यावर तासाभरात उठून कामाला लागली होती. तू झालीस तेव्हा चौथ्या दिवशी. मी एकदा बघून गेलो, म्हटलं आता उठेल. पुन्हा येऊन बघितलं. मी आपला वाट बघत होतो गं. दुसरं काही माझ्या मनात नव्हतं.

आई: हे खरं आहे. खोटं बोलत नाहीत ते.

बाबा: मग? संपलं ना आता? राहतेयस ना तू?

आई: फोन दे गं तो इकडे.

लेक: आई, जरा थांब. आजचा दिवस तरी.

आई: दे. ... हॅलो, मेट्रनबाई? हो, मीच. ती खोली मला ठेवा. ... नाही, भांडण नाही झालं. ... हो, इथेच आहेत. उभे आहेत. ... उद्या दहापर्यंत येते.