बांबू फुलला त्या सालचा

साधना : हा तिसरा कागद हाये मामाजी. आता खोडाले लावलं त मी भाजी टाकाले उठून जाईन, तुमचं तुम्ही लिहा.

गुरुजी : माझा हात थरथरते म्हणून तुले बसवलं, सूनबाई. वाच, कुठवर आलो?

साधना : "मी मुखरू, सेवानिवृत्त शिक्षक, वय अठ्ठ्याऐंशी, लिहून देतो की माझा विद्यार्थी बिरजू, वनखात्यातून निवृत्त, याचे वय पहिलीत नाव घालताना सहा वर्षांनी कमी नोंदले गेले." इथी थांबले तुम्ही.

बिरजू : नोंदले गेले नाई, बाई. गुरुजीनं नोंदले.

गुरुजी : सरकारी कागद असाच असते. तू मधात काऊन बोलून राह्यला?

बिरजू : मले ऐंशी झाले. ऐंशीले पेन्शन वाढते. ट्रेझरीतला बाबू म्हणते, कागदावर चौऱ्याहत्तर हायेत, सहा वर्षानं या. एसटीत पंच्याहत्तरले फुकट हाये, मी अजून अर्धं तिकीट काढून राह्यलो. आजबी काढलं.

गुरुजी : वाढते म्हणे. माझी पंच्याऐंशीची वाढ मंजूर होऊन तीन वर्षं झाले. वय बरोबर, कागद बरोबर, सही बरोबर. विचाराले गेलं की एकच, वरून निधी आला नाई. जीआर काढाले यांच्यापाशी कागद असते, द्याले पैसा नसते.

साधना : मागच्या खेपेले काय म्हणाला तो बाबू, ते सांगा ना भाऊले.

गुरुजी : म्हणाला, गुरुजी, तब्येत सांभाळा.

बिरजू : तुमच्यापाशी वय त हाये. माह्यापाशी तेबी नाई.

साधना : दोघंबी थांबा. कारण सांगा मामाजी. कमी काऊन लिहिलं?

गुरुजी : लिही, "माहितीअभावी."

बिरजू : नाई.

गुरुजी : काय नाई?

बिरजू : मायनं माहिती देली होती. रानात बांबू फुलला, त्या सालचा हा पोरगा, म्हणे. मी तिच्या बाजूलेच उभा होतो. बारा वर्षाच्या पोराले आठवते.

गुरुजी : बांबूवरून का तारीख निघते? मी एक जुलै टाकली. साऱ्यायचीच टाकली.

बिरजू : जुलैचं नाई म्हणत मी. सालाचं म्हणतो. कोणत्या साली बांबू फुलला, ते खात्याच्या जुन्या रजिस्टरात हाये. पाहून आलो. मायचं साल बरोबर निघते.

गुरुजी : मग ते रजिस्टर दाखव बाबूले.

बिरजू : त्यात बांबूचं वय हाये. माह्यं नाई.

गुरुजी : अन् फायदा नाई झाला का तुले? सहा वर्षं जास्त नोकरी केली. खरं वय निघालं त वसुली लावतील.

बिरजू : लावू द्या. त्या सहा वर्षांत मी काय झोपून होतो? चौसष्टाव्या वर्षी वणवे विझवले.

साधना : भाऊ, वसुलीच लागनार असन त हा कागद कायले पाहिजे?

बिरजू : शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरात शेरा हाये, बाई. बाबूनं मोठ्यानं वाचला. "आईला वय सांगता आले नाही." साऱ्या लायनीनं ऐकलं. मागून एक जण हसला. अक्षर गुरुजीचं.

साधना : मामाजी?

गुरुजी : चहा ठेव.

साधना : दोनदा झाला चहा. "माहितीअभावी" ठेवू का खोडू?

गुरुजी : खोटं लिहिलं असं लिहून देलं, अन् माझीच वाढ अडकवली त?

साधना : ते तशीबी अडकलेलीच हाये.

गुरुजी : तुमाले सोपं वाटते. साहेब तपासणीले येनार होता. पटावर वीस पोरं नसते त शाळा बंद, अन् मी घरी. एकोणीस झाले होते. बारा वर्षाचा पोरगा पहिलीत चालत नव्हता.

साधना : हे लिहू?

(गुरुजी चष्मा काढून पुसतात.)

गुरुजी : हे मागून लिही. आधी लिही, त्याच्या मायले वय माहीत होतं.

साधना : लिहिलं. पुढं?

गुरुजी : तिनं सांगितलं होतं. खोटं मी लिहिलं.