किमान आठ माणसं

...आणि वर म्हणतात काय, 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत!' अहो, दिलगीर माणूस इतक्या हसऱ्या आवाजात बोलतो का कधी? तुम्हाला सांगतो, मी नेव्हिल, आमच्या बिलारू गावच्या पोहण्याच्या तलावावर एकोणीस उन्हाळे त्या उंच खुर्चीत बसलोय, बुडणाऱ्याला वर काढायला. आजवर बुडालं किती? एकही नाही! पण जीवरक्षकाचं प्रमाणपत्र दर वर्षी नव्यानं काढावं लागतं, ते नसेल तर तलावाचं फाटक उघडायचं नाही. आणि इथं नोव्हेंबर लागलाय, म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळा, पारा त्रेचाळीसवर, गावची पोरं टॉवेल खांद्यावर टाकून कुंपणाला लोंबकळतायत, 'नेव्ह, आज? नेव्ह, उद्या?'... काय सांगू त्यांना?

प्रमाणपत्राचा पहिला वर्ग ॲडलेडला होता. आदल्या संध्याकाळी मेसेज, वर्ग रद्द! दुसऱ्याला मी तीनशे किलोमीटर गाडी हाणली, पेट्रोल पंपावर खिम्याचा गरमागरम पॅटिस हातात घेतला, पहिला घास घेणार तोच फोन वाजला, रद्द! आणि तिसऱ्या वेळेला तर मी पोहोचलो होतो हो! चड्डी घालून, टोपी चढवून, पाण्यात एक पाय... रद्द! 'किमान संख्या पूर्ण न झाल्यामुळे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत!'

तसाच ओल्या पायानं फोन लावला. तिकडून वर्ग घेणाऱ्या संस्थेतली टॅम्सिन नावाची मुलगी, आवाज असा की साखर पेरलीय. "नेव्हिल, तुम्ही किमान आठ माणसं जमवा ना, मग आम्ही शिक्षकच तुमच्या गावी पाठवू!" आठ? म्हटलं बाई, तू बिलारू पाहिलं नाहीस! आमची वस्ती एकशे चाळीस, पण वणव्याचा बंब असो की क्रिकेटचा संघ, माणूस कमी पडला की कुणीही उठून उभं राहतं. आमचा खाटीक गॅव्हिन, गुडघा निकामी, तरी सात वर्षं यष्टिरक्षक आहे! चेंडू अडवतो का? नाही. पण उभा असतो!

निघालो की दारोदार! गॅव्हिन म्हणाला, "लिही माझं." पबची शोना म्हणाली, "केस भिजणार असतील तर मी नाही हं..." आणि लगेच, "बरं, लिही, पोरं तरी तुझ्या नावानं रडायची थांबतील!" ऐन गव्हाच्या कापणीत दोघं हेन्शके बंधू यंत्र शेतात उभं करून आले, कापणीत! इथला माणूस कापणी सोडून स्वतःच्या लग्नालाही जात नाही! आणि माझ्या सासूबाई, आयव्ही, वय एकाहत्तर. "जावयानं पहिल्यांदाच काहीतरी मागितलंय, नाही कशी म्हणू?" आठ हवे होते, मी बारा केले! म्हटलं, चार गळाले तरी यांना रद्द करायला निमित्त मिळायला नको. सगळ्यांचे अर्ज पबमध्ये बसून मी स्वतः भरले, एकेक, अगदी सासूबाईंच्या रक्तदाबासकट!

आणि शनिवारी शिक्षक आला! खरंच आला हो! मी मिठीच मारणार होतो. त्यानं यादी वाचली, बारा नावं, बारा हजर. "चला, पाण्यात!" मी म्हटलं, आणि मी? तर तो म्हणतो, "तुम्ही कोण?"

फोन! टॅम्सिन! "अहो नेव्हिल, मागचा वर्ग रद्द झाला ना, त्याच्याबरोबर तुमचा अर्जही रद्द झाला. नवा भरायचा होता!" मग भर की आत्ता! "वर्ग भरलाय, बाराच्या वर घेत नाही." इकडे गॅव्हिन बिचारा ओरडतोय, "माझ्या जागी घ्या त्याला!" तर म्हणते कशी, "नाव बदलायचं तर चौदा दिवस आधी कळवावं लागतं." चौदा दिवस! आणि तुम्ही? माझा पाय पाण्यात असताना कळवता! "गैरसोयीबद्दल दिलगीर..." ठेवला फोन.

काठावर बसून बघत राहिलो. सगळेच्या सगळे पास झाले! पण पुढे काय? हेन्शके कापणीला पळाले, शोना पबकडे, गॅव्हिन दुकानात, ज्याला त्याला आपापला उद्योग. दिवसभर रिकामं कोण? सासूबाई! रविवारी फाटक उघडलं. पोरांनी धडाधड उड्या मारल्या, आणि खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. मीही उठलो, निघालो काठानं धावत, मारणार उडी, एवढ्यात वरून, माझ्या खुर्चीतून, कानठळ्या बसवणारी शिट्टी!

"नेव्हिल! काठावर धावायचं नाही! दहा मिनिटं बाकावर बस!"

बसलो. करतो काय? प्रमाणपत्र त्यांचं! बाकावर एक सात वर्षांची पोरगी आधीच शिक्षा भोगत होती. तिनं मला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "त्यांनी पहिल्यांदाच बसवलं का रे तुला?"

म्हटलं, नाही गं बाळा... सव्वीस वर्षं झाली माझ्या लग्नाला.